पामतेलावरचा कर आणि रानातली करडई

दसरा झाला की फुलंब्री, पैठण, खुलताबादकडची माणसे दिवाळीच्या खरेदीला शहरातल्या शहागंज बाजारात उतरतात. किराणा दुकानात पहिली चौकशी तेलाच्या डब्याची. डबा स्वस्त हवा आणि मोंढ्यावर नेलेले सोयाबीन महाग विकायला हवे, हे दोन्ही एकाच माणसाला हवे असते. पामतेलावरचा कर वाढला की दुसरी इच्छा आपोआप पुरी होईल, असे २०२४ मध्ये पुष्कळांना वाटले होते.

तसे झाले नाही. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे एकूण आयातशुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले. डबा महागला. सोयाबीन मात्र ४,८९२ रुपये हमीभाव असताना त्याच्या खालीच विकले गेले. कारण क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते जेमतेम १८ किलो, बाकी बहुतेक पेंड. इथेनॉल कारखान्यांतला धान्याचा वाळवलेला चोथा (डीडीजीएस) पशुखाद्यात शिरला आणि पेंडीचा उठाव बसला. तेलावर कितीही कर लावला तरी पेंडीचा खड्डा त्याने भरत नाही.

शिवाय हा कर टिकतही नाही. ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचे शुल्क १६.५ टक्क्यांवर आले, शुद्ध तेलावरचे ३५.७५ टक्के तसेच ठेवले. त्या फरकाने रिफायनरीवाले खूश. तिकडे इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ ला पामतेलाची निर्यातच बंद केली, तेव्हा त्यांचेच पामफळ उत्पादक घेणारा नाही म्हणून रस्त्यावर आले आणि २३ मेला बंदी उठली. कर असो की बंदी, चटका शेतकऱ्यालाच.

पर्यावरणाचा हिशेबही सरळ नाही. पामसाठी इंडोनेशिया-मलेशियात जंगले तुटली हे खरेच. पण एक हेक्टर तेलताड तीन-चार टन तेल देतो, सोयाबीन अर्धा टनही नाही. पाम बंद करून तेवढेच सोयातेल आणायचे तर ब्राझीलसारख्या देशात कितीतरी जास्त जमीन नांगरावी लागेल. आणि तेलताड मराठवाड्यात लावा म्हणणाऱ्याला आधी आपल्या विहिरीचा तळ दाखवा. त्याला बारमाही पाणी लागते.

म्हणून यंदाच्या रब्बीत करडईचा विचार करा. हिच्या बियांत सुमारे ३० टक्के तेल, म्हणजे तेलाचा भाव इथे दाण्यापर्यंत पोचतो. २०२६-२७ च्या विपणन हंगामासाठी हमीभाव ६,५४० रुपये जाहीर झाला आहे. मुळे खोल जातात, भारी काळ्या रानातली ओल पीक पुरवून वापरते. पण सप्टेंबरच्या अतिवृष्टीत ज्या वावरात पाणी तुंबले, तिथे मूळकूज ठरलेली. ते वावर सोडा.

कोरडवाहू पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरका. त्यापुढे गेलात तर एखादे संरक्षित पाणी हाताशी हवे, आणि उशिराच्या पिकावर मावाही जास्त. वाफसा येताच दोन ओळींत ४५ सेंटीमीटर ठेवून पेरा. हेक्टरी १० ते १२ किलो बियाणे पुरते, बीजप्रक्रिया केलेलेच. परभणी विद्यापीठाचे पीबीएनएस-१२ म्हणजे परभणी कुसुम आपल्याकडे रुळलेले वाण. काट्यांचा त्रास नको असेल तर बिनकाटेरी वाण मागा. उगवणीनंतर पंधरवड्यात विरळणी करून दोन रोपांत २० सेंटीमीटर ठेवाच, हात आखडू नका. उपटलेल्या कोवळ्या रोपांची भाजी घरी होते, जुडी बांधून विकताही येते. मावा आधी बांधाकडेच्या ओळींवर दिसतो. ढगाळ हवा आली की तिथून पाहणी सुरू करा आणि सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

सगळे रान करडईखाली घालू नका. घेणारे व्यापारी मोजके असतात. हरभऱ्यात आंतरपीक घ्या, आणि पेरणीआधीच जवळच्या लाकडी घाण्यावाल्याशी बोलून ठेवा: किती माल घेईल, गाळून दिला तर ढेप कोणाची.

घरात असलेले सोयाबीन १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा, २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावासाठी खरेदी केंद्रावर नोंदणी करा. दिवाळीच्या खर्चापुरतेच आता विका.