वरणाचं पाणी नको गं, वरणच दे

खरं सांगू का, बाळाचा सहावा महिना सरत आला की घरात सगळ्यांना एकदम सल्ले सुचायला लागतात. सासूबाई म्हणतात वरणाचं पाणी पाज, शेजारच्या काकू म्हणतात डब्यातलं आण, माहेरून फोन येतो की नाचणीसत्त्व सुरू कर. आणि तू मधल्यामध्ये, रात्रभर जागलेली, सकाळचा चहा थंड झालेला. बस जरा माझ्याजवळ. तुला हे जमणार आहे, आणि त्याला लागणारं बहुतेक सगळं तुझ्याच स्वयंपाकघरात आहे.

आधी वेळेचं बघ. सहा महिने पूर्ण व्हायला हवेत, म्हणजे १८० दिवस. तोवर फक्त अंगावरचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही, मग आपल्या वाशीमचा मे महिना का असेना. दुधातलं पाणी त्याला पुरतं. उन्हाळ्यात जास्त वेळा पाज म्हणजे झालं. घोळ होतो तो उष्टावणाशी. मुलगी असेल तर उष्टावण विषम महिन्यात करायची रीत, म्हणून पाचव्यातला मुहूर्त काढतात. तेव्हा गोड बोलून सातवा महिना मागून घे. रितीला सातवाही चालतो, कुणाचं मन मोडत नाही. मामाच्या हातून खीर जिभेला लागली की झालं उष्टावण, वाटीभर गोड भरवायचं कारण नाही.

आता त्या वरणाच्या पाण्याचं. सासूबाई मायेनंच सांगतात, पण बघ, वरच्या निवळीत डाळ असते तरी किती? बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं. ते पाण्यानं भरलं की दूधही कमी जातं आणि अन्नही. जन्मताना अंगात साठवून आणलेलं लोह याच सुमारास संपत येतं, आईच्या दुधात ते फार थोडं असतं, म्हणून तर आता वरचं अन्न लागतं. आपल्या शिवारात इतकी तूर पिकते, आणि लेकराला तिचं नुसतं पाणी का पाजायचं?

असं कर. कुकर उघडलास की मीठ, तिखट, फोडणी पडायच्या आधी बाळापुरतं वरण बाजूला काढ. तळाचं घट्ट घे. मऊ भातात घालून पळीच्या पाठीनं कुस्कर, वर थोडं तूप. मिक्सरमधून पातळ गंधासारखं करू नकोस. चमचा तिरका केल्यावर ओघळून गेलं तर पातळ झालं समज. चमच्यावर बसून राहिलं की बरोबर. पहिल्या दिवशी दोन-तीन चमचे पुरे. मग वाढवत वाढवत दिवसातून दोन-तीनदा अर्धी वाटी, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा. अंगावरचं दूध मात्र दोन वर्षांपर्यंत चालूच ठेव.

पहिला घास तो जिभेनं बाहेर ढकलेल. घाबरू नकोस गं, त्याला आवडलं नाही असं नाही. इतके दिवस चोखायचीच सवय, घास मागे न्यायला जीभ अजून शिकतेय. पुसून परत दे. एखादी चव आठ-दहा वेळा द्यावी लागते, मग ती घेतात. घशाशी आलं आणि तो ओकारी काढत खोकला, तर तो स्वतःच ते बाहेर काढतोय, शांत राहा. आवाजच फुटत नाही, श्वास अडकलाय असं दिसलं तर ते ठसकणं नव्हे. पालथं करून पाठीवर थाप मारायची आणि तडक दवाखाना. म्हणून अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्ष हाताला लागू देऊ नकोस. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट वरण-भातात मिसळलेलं चालतं. कोहळं उकडून दे, पालक डाळीत शिजव, घरात अंडं चालत असेल तर पूर्ण उकडलेलं कुस्करून दे.

एका गोष्टीवर मात्र मी हट्ट धरणार: चहात बुडवलेलं बिस्कीट बंद. आजोबांच्या मांडीवर बसून लेकरू ते मिटक्या मारत खातं, दिसायला गोड दिसतं. पण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही आणि साखरेनं भूक मरते. आजोबांना कुस्करलेलं केळं हातात दे, भरवण्याचा आनंद तोच मिळेल. आणि वर्ष होईपर्यंत मध चाटवायचा नाही, गुटीतूनसुद्धा नाही. त्यातले काही जंतू एवढ्या लहान आतड्याला झेपत नाहीत.

आशाताई आली की तिला दारातूनच वाटेला लावू नकोस. घरी जाऊन बाळ बघायचं हे काम आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून उभं केलं. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे देशभर गेलं. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध द्यायचं असतं, ते तिच्याकडे माग. शी काळपट झाली तर ती त्या औषधानं, घाबरायचं नाही. अंगणवाडीत दर महिन्याला वजन कर आणि तक्त्यावरची रेघ स्वतः बघ. रेघ आडवी झाली तर ताईला लगेच विचार.

रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला निघालीस तर सकाळी शिजवलेला भात डब्यात भरून दुपारी भरवू नकोस, त्या उन्हात तो तासा-दोन तासांत आंबतो. सालीसकट केळी ने, तिथेच सोल, तिथेच कुस्कर. उकळून गार केलेलं पाणी आणि वाटी-चमचा बरोबर असू दे. बाटली नकोच, तिच्या बुचात काय साचतं ते डोळ्यांना दिसत नाही.

आणि सोयाबीनची सोंगणी लागली की तुलाही वावरात जावं लागेल, मला माहीत आहे. निघायच्या आधी पोटभर पाज, आल्या आल्या परत पाज. मधल्या दोन वेळा सासूबाईंवर सोपव, पण आधी दोन-चार दिवस त्यांच्यासमोर भरवून दाखव. घट्ट किती ते त्यांना सांगण्यापेक्षा चमचा तिरका करून दाखवलेलं लवकर पटतं. डाळ-तांदूळ मोजून ठेव. आणि स्वतःची भाकर बांधून ने गं, सगळ्यांचं उरकल्यावर उरलेलं खायची सवय या दिवसांत अजिबात नको.