जवानाची शेवटची सलामी

जवान देशासाठी कामी आला, की त्याची पेटी तिरंग्याने झाकून गावी आणतात. केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला ठेवतात.

बरोबर सलामी देणारी तुकडी येते. गणवेश कडक इस्त्रीचा, बूट चकचकीत, हातात रायफल. हुकूम होतो, "सलामी शस्त्र!" साऱ्या रायफली एकदम छातीसमोर उभ्या राहतात. मग हुकूम होतो, "शोक शस्त्र!" रायफलीचे तोंड खाली बुटावर टेकते. दस्त्यावर हात आणि मान खाली. हा शोक पाळण्याचा रिवाज आहे.

आकाशाकडे तीन वेळा बार काढतात. काडतुसात गोळी नसते, नुसती दारू असते. भिऊ नका. बिगूल वाजेल तेव्हा गप्प उभे राहा. पोरांनाही उभे करा.

अग्नी देण्याआधी झेंडा काढून घेतात. तिरंगा जाळत नाहीत, पुरतही नाहीत. घडी करून तो घरच्यांच्या हाती देतात.

हा मान शेतकऱ्याच्या पोरालाही मिळतो. दिल्लीला २०१९ साली राष्ट्रीय युद्धस्मारक झाले. तिथे स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५,००० हून जास्त जवानांची नावे दगडावर कोरली आहेत. दिल्लीला गेलात तर आपल्या भागातल्या जवानाचे नाव शोधा.