गाफील कोण राहिलं, खेळाडू की प्रशिक्षक? कबड्डीतल्या एका पराभवातून दुकानदाराने काय शिकायचं



हा विषय व्हिडिओत पूर्ण मावला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. प्रश्न साधा आहे. समोरचा आपल्यापेक्षा कमजोर आहे असं धरून चाललो आणि त्याच्याकडूनच हरलो, तर दोष कोणाचा? खेळणाऱ्याचा की शिकवणाऱ्याचा? दुकानाच्या भाषेत सांगायचं तर काउंटरवरच्या पोराचा की गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाचा?

उदाहरणासाठी क्रिकेट नको, आपला खेळ घेऊ. उरण-पनवेल-अलिबाग पट्ट्यात कबड्डी म्हणजे गावाच्या इज्जतीचा प्रश्न असतो. त्यामुळे हे उदाहरण कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

आधी काय घडलं ते बघू

आशियाई स्पर्धांत कबड्डी १९९० मध्ये आली. तेव्हापासून २०१४ पर्यंत सात स्पर्धा झाल्या आणि सातही वेळा पुरुषांचं सुवर्ण भारतानेच घेतलं. मग आलं २०१८ चं जकार्ता. २० ऑगस्टला साखळी सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २४-२३ असं हरवलं. २३ ऑगस्टला उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असं हरवलं. दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच जिंकला, २७-२४.

पराभवानंतर पुरुष संघाचे प्रशिक्षक राम मेहर सिंह यांनी दोन कारणं दिली. एक अतिआत्मविश्वास आणि दुसरं कर्णधार अजय ठाकूर यांची दुखापत. दुखापत कोणाच्या हातात नसते, ती बाजूला ठेवू. 'अतिआत्मविश्वास' हा शब्द मात्र नीट तपासायला हवा, कारण धंद्यात आपण तो सारखा वापरतो.

खेळाडूंचा वाटा किती?

वाटा आहेच. इराणचे खेळाडू आपल्या खेळाडूंना अनोळखी नव्हते. फजल अत्राचली २०१५ मध्ये यू मुंबाकडून प्रो कबड्डी खेळला आणि त्या मोसमात यू मुंबाने विजेतेपद मिळवलं. जकार्ताच्या काही महिने आधी, २०१८ च्या लिलावात, त्याच यू मुंबाने त्याच्यासाठी एक कोटी रुपये मोजले. ज्या माणसाच्या पकडीला बाजार एक कोटी देतो, तो कमजोर कसा? आपले खेळाडू या लोकांबरोबर एकाच संघात राहिले, एकत्र सराव केला, विरुद्धही खेळले. म्हणजे माहिती त्यांच्याकडे होती. मॅटवर उतरल्यावर ती वापरणं हे त्यांचं काम होतं.

प्रशिक्षकाचा वाटा किती?

आता आशियाई स्पर्धांतले भारत-इराण पुरुषांचे निकाल ओळीने बघा:

- २०१०, अंतिम सामना: भारत ३७, इराण २०. आपण १७ गुणांनी पुढे.
- २०१४, अंतिम सामना: भारत २७, इराण २५. आपण २ गुणांनी पुढे.
- २०१८, उपांत्य सामना: भारत १८, इराण २७. आपण ९ गुणांनी मागे.

मधे २०१६ चा अहमदाबादचा विश्वचषक आहे. तिथे अंतिम सामन्यात आपण इराणला ३८-२९ असं हरवलं. घरच्या मैदानावरच्या त्या विजयाने २०१४ चा इशारा झाकला गेला असं मला वाटतं. पण आशियाई स्पर्धांतले आकडे कागदावर उतरवले तर ते स्वच्छ बोलतात. २०१४ मध्ये सुवर्ण मिळालं, हे खरं. पण १७ गुणांचं अंतर २ वर आलं, हेही तितकंच खरं. खेळाडू पदक बघतो, आणि त्याने तेच बघावं. अंतर बघणं हे मॅटबाहेर बसलेल्या माणसाचं काम आहे.

म्हणून माझं मत असं. गाफीलपणा दिसतो खेळाडूत, पण तो तयार होतो वरच्या माणसाच्या बोलण्यात आणि नियोजनात. सामना सुरू होण्याआधीचा सगळा वेळ प्रशिक्षकाच्या ताब्यात असतो. सामन्यातली ४० मिनिटं खेळाडूच्या ताब्यात असतात. ज्याच्याकडे वेळ जास्त, त्याच्याकडे जबाबदारी जास्त.

इशारा कधी मिळाला, तेही महत्त्वाचं

२०१६ च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात, ७ ऑक्टोबरला, कोरियाने आपल्याला ३४-३२ असं हरवलं होतं. अंतिम सामना होता २२ ऑक्टोबरला. सावरायला पंधरा दिवस मिळाले आणि आपण विश्वचषक जिंकलो. जकार्तातही धक्का कोरियानेच दिला, पण उपांत्य सामन्याला फक्त तीन दिवस उरले होते.

धंद्यातही हेच होतं. गिऱ्हाईक तुटायला लागलंय हे पहिल्या महिन्यात कळलं तर उपाय स्वस्तात होतो. दिवाळीच्या सीझननंतर हिशेब करताना कळलं तर तोपर्यंत ती माणसं दुसऱ्याची झालेली असतात.

आता तुमच्या दुकानात या

समजा द्रोणागिरीत तुमचं किराणा दुकान आहे. शेजारच्या सोसायटीत एका ताईंनी घरातूनच आगरी-कोळी मसाला, पापड, सुकी मासळी विकायला सुरुवात केली. बोर्ड नाही, दुकान नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑर्डर घेतात आणि संध्याकाळी घरपोच देतात. तुमच्या काउंटरवरचा मुलगा तुम्हाला सांगतो, "शेठ, दोन-तीन बायका म्हणाल्या, मसाला तिकडे चांगला मिळतो." तुम्ही हसता आणि म्हणता, "अरे, ती किती दिवस टिकणार!"

झालं. त्या एका वाक्याने मुलाला दोन गोष्टी शिकवल्या. एक, ती स्पर्धा मोजायची नाही. दोन, असल्या बातम्या शेठला सांगायच्या नाहीत. चार महिन्यांनी विक्री पडल्यावर तुम्ही त्यालाच झापता, "तुझं गिऱ्हाइकाकडे लक्ष नसतं."

आता हिशेब करू. समजा रोज ८ गिऱ्हाइकं कमी झाली, कारण मसाल्याबरोबर बाकीची यादीही दुसरीकडे गेली. एकेकाची सरासरी खरेदी २५० रुपये. म्हणजे रोजचे २,००० आणि महिन्याचे ६०,००० रुपये. मार्जिन १५ टक्के धरलं तर महिन्याला ९,००० रुपये गेले. टिकणार नाही म्हणून ज्यांच्यावर हसलात, त्यांच्यामुळे वर्षाला १,०८,००० रुपयांचा फटका.

दोष ठरवायचे तीन प्रश्न

कोणालाही बोलण्याआधी हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा:

१. समोरच्याबद्दल माहिती गोळा केली होती का?
२. ती माहिती काम करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवली होती का?
३. पोहोचल्यावरही त्याने ती वापरली नाही, असं झालं का?

पहिल्या किंवा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर दोष मालकाचा. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल आणि तिसऱ्याचंही 'हो' असेल, तेव्हाच स्टाफशी बोला. बहुतेक दुकानांत लोक थेट तिसऱ्या प्रश्नावर उडी मारतात, कारण पोराला झापणं सोपं असतं.

"आम्ही गाफील राहिलो" हेही कमी लेखणंच आहे

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणून नीट वाचा. "आम्ही गाफील राहिलो म्हणून हरलो" या वाक्यात एक अर्थ लपलेला असतो. आम्ही जागे असतो तर हरलो नसतो. म्हणजे हरल्यानंतरही आपण समोरच्याला श्रेय देत नाही.

जकार्तात सुवर्ण जिंकलेल्या इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक कोण होत्या माहितीये? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. परक्या देशात गेल्या, खेळाडूंशी बोलता यावं म्हणून फारसी शिकल्या, सरावात योगासनं आणि प्राणायाम आणले. २०१४ च्या अंतिम सामन्यात भारताने इराणच्या महिलांना ३१-२१ असं हरवलं होतं. चार वर्षांत चित्र उलटलं. याला फक्त भारताचा गाफीलपणा म्हटलं तर त्या बाईंच्या आणि त्या मुलींच्या मेहनतीला काय म्हणायचं?

तुमच्या बाबतीतही तेच. "लोकांना स्वस्तातलं हवंय", "नवीन आहे म्हणून गर्दी आहे", "माल हलका आहे, परत येतील" ही वाक्यं तोंडात आली की थांबा. त्या ताईंचा मसाला आणून घरी वापरून बघा. कदाचित तो खरंच चांगला असेल. मग उपायही वेगळा निघतो. स्टाफला झापण्यापेक्षा त्यांचाच मसाला तुमच्या काउंटरवर ठेवायची बोलणी करता येतील.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा सुरू केला. सर्फ विकणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरला पुढे ऐंशीच्या दशकात त्याच्याशी लढायला 'व्हील' आणावं लागलं. तिथे सर्फ विकणारा सेल्समन कमी पडला असं कोणी म्हणणार नाही. स्वस्त पावडरचं गिऱ्हाईक आपलं मानायचं की नाही, हा निर्णय वर बसलेल्यांचा असतो.

मालकाने लावायच्या चार सवयी

१. अंतराची वही. महिन्यातून एकदा तुमच्या १० मुख्य वस्तूंचे भाव तीन ठिकाणी बघा: एक मोठं दुकान, एक बरोबरीचं आणि एक सगळ्यात लहान. लहानाला वगळू नका. वहीत मागच्या महिन्याशी तुलना करा. फक्त भाव नाही, घरपोच सेवा, उधारी, उघडण्याची वेळ, सगळं लिहा.

२. पाच मिनिटांची बैठक. रोज शटर पाडण्याआधी स्टाफला एकच प्रश्न विचारा, "आज कोणी काय मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं?" उत्तर लिहून घ्या. हसू नका, वाद घालू नका.

३. न आलेल्यांची यादी. नेहमीच्या ३० गिऱ्हाइकांची नावं लिहा. जो १५ दिवस दिसला नाही, त्याला स्वतः फोन करा. ऑफर सांगायला नाही, विचारपूस करायला.

४. नकाशा बदलला की स्पर्धक पुन्हा मोजा. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल आली आणि त्याच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं. तुमचं गिऱ्हाईक आता रेल्वेने बेलापूर-नेरुळला जातं. तिथलं एखादं दुकान काल तुमचा स्पर्धक नव्हतं, आज असू शकतं.

आणि तुम्हीच लहान असाल तर?

हे वाचणारे बरेच जण अजून सुरुवात करणार आहेत. म्हणजे आज तुम्ही इराणच्या जागी आहात. मोठा दुकानदार तुमच्याकडे लक्ष देत नाही, ही तुमची संधी आहे. ओरडून जाहिरात करत बसू नका. एक वस्तू किंवा एक सेवा त्याच्यापेक्षा नक्की चांगली करा आणि मोठ्याचं जे चांगलं आहे ते शिकून घ्या. इराणचे खेळाडू आपल्याच लीगमध्ये खेळून तयार झाले.

पण एक लक्षात ठेवा. पाच वर्षांनी तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्यासमोर नवा लहान माणूस उभा राहील. पुढच्या आशियाई स्पर्धांत, २०२३ मध्ये हांगझोऊला, भारताने दोन्ही सुवर्णं परत मिळवली. पुरुषांनी इराणला ३३-२९ असं हरवलं. महिलांनी चायनीज तैपेईला हरवलं २६-२५ असं, म्हणजे फक्त एका गुणाने. तैपेईला कोण कमजोर म्हणेल आता?

या आठवड्याचा गृहपाठ

तुम्ही ज्याला स्पर्धक मानतच नाही अशा एकाचं नाव वहीत लिहा. त्याच्याकडून एक वस्तू पैसे देऊन विकत घ्या. तो तुमच्यापेक्षा काय चांगलं करतो, याचे तीन मुद्दे लिहा. तीन सुचले नाहीत तर पुन्हा जा. मग ती वही स्टाफसमोर वाचून दाखवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे उधारीची वही!