सागरतीरीची प्रदक्षिणा

आपल्या परंपरेने समुद्रास रत्नाकर म्हटले, सरितांचा पती मानले, वरुणदेवतेचे निवासस्थान मानले. तरीही समुद्राशी सलगी करण्याच्या बाबतीत आपले पूर्वज फार सावध होते. पर्वकाळाखेरीज समुद्रस्नान करू नये, असा धर्मशास्त्राचा जुना संकेत आहे. दर्शनास मात्र असा कोणताही निर्बंध नाही. समुद्र तीरावरून पाहावा, त्याच्या काठाने चालावे आणि नमस्कार करून परत फिरावे, हीच रीत कोकणातील देवस्थानांनी प्रदक्षिणेच्या रूपाने जतन केली आहे.

गणपतीपुळे येथे डोंगर हेच श्रींचे स्वरूप मानले जाते. त्यामुळे प्रदक्षिणा गाभाऱ्यास न घालता संपूर्ण डोंगरास घालतात. हा मार्ग सुमारे एक किलोमीटरचा असून बांधलेला व सोपा आहे. वृद्ध माणसेही तो सावकाश पुरा करतात. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात असलेल्या श्रीक्षेत्र हरिहरेश्वराची गोष्ट निराळी आहे. तेथील प्रदक्षिणेची वेळ समुद्र ठरवितो.

आमच्या देवस्थानाचे दर्शन आटोपून पुष्कळ यात्रेकरू पुढे हरिहरेश्वरास जातात. निघण्यापूर्वी कार्यालयात तीन गोष्टींची चौकशी होते : अंतर किती, भोजनाची सोय कोठे आणि तेथे किती वेळ लागेल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लगेच देता येतात. तिसऱ्याचे उत्तर देण्यापूर्वी आम्हांस पंचांग पाहावे लागते. ते का, हे भाविकांस नीट कळावे म्हणून हा लेख.

हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत. १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ भट हे मूळचे श्रीवर्धनचे. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी येथून जवळच, बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. प्रथम श्रीकाळभैरवाचे, नंतर श्रीहरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे दर्शन घ्यावे, असा येथील क्रम आहे. त्यानंतर प्रदक्षिणा. शिवमंदिरात एरवी सोमसूत्र ओलांडीत नाहीत, अर्ध्यावरून मागे फिरतात. येथे मात्र डोंगरास पूर्ण प्रदक्षिणा घालतात. पायऱ्यांनी वर चढून गेल्यावर दोन कड्यांमधील अरुंद खिंडीतून पायऱ्या थेट खाली उतरतात. वरून पाहताना त्या फटीत समुद्राची केवळ एक उभी पट्टी दिसते. खाली पोहोचताच ती पट्टी एकाएकी क्षितिजाएवढी होते. डावीकडे लाटा, उजवीकडे कडा आणि पायाखाली खडकाचा सपाट ओटा. पुढची वाट या ओट्यावरून जाते, आणि भरतीच्या वेळी हाच ओटा पाण्याखाली जातो.

अडचण येथेच आहे. शहरातून येणाऱ्या मंडळींस एका दिवसात चार देवस्थाने करावयाची असतात. गाडीचालक घाई करीत असतो. त्यातून 'पाणी अजून फारसे आलेले नाही, झटकन जाऊन येऊ' असा विचार बळावतो. भरतीचे पाणी सारख्या गतीने वर चढत नाही. दहा लाटा पायापाशी थांबतात, अकरावी गुडघ्यापर्यंत येते. ओल्या, शेवाळलेल्या खडकावर पाय निसटला तर धरावयास काही नसते. या खडकांवर प्राण गमावलेल्यांत उत्तम पोहणारेही होते. म्हणून स्थानिक मंडळी 'आता नको' म्हणाली, तर त्यांच्याशी वाद घालू नये.

भरती-ओहोटीचे गणित कोळी बांधवांस तोंडपाठ असते आणि ते कोणासही शिकता येते. त्या दिवशीच्या तिथीचा आकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. शुक्ल व कृष्ण, दोन्ही पक्षांस हाच नियम लागू आहे. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती, आणि त्याच्या सहा तास आधी व नंतर, म्हणजे नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीस सहा वाजता भरती व बाराच्या सुमारास ओहोटी. एकादशीस सव्वाआठला भरती, तर अडीचच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास भरती असते. पौर्णिमेचा मुहूर्त साधून जे भाविक सकाळी अकरा वाजता तेथे पोहोचतात, त्यांना प्रदक्षिणा का घडत नाही, हे यावरून ध्यानात येईल. उलट संकष्टीस सकाळी नवाच्या ओहोटीत ती सुखाने होते.

चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच पुढे सरकते. पाऊणपटीत आपण रोजची ४५ मिनिटेच धरतो, त्यामुळे पक्षाच्या अखेरीस थोडे अंतर पडते. शिवाय स्थळपरत्वेही फरक असतो. यास्तव अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा आणि अंतिम शब्द तेथील माणसांचा मानावा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, म्हणजे पाणी फार चढते व फार ओसरतेही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ती सौम्य. पावसाळ्याचे चार महिने मात्र हे गणित बाजूस ठेवून वरूनच नमस्कार करावा.

ओहोटीची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाया गेला, असे कित्येकांस वाटते. माझे मत वेगळे आहे.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक पत्नीच्या अस्थी घेऊन मुलांसह हरिहरेश्वरास गेले होते. विधी आटोपून त्याच दिवशी परतण्याचा बेत होता. तिथी प्रतिपदा, ऐन दुपारी भरती. प्रदक्षिणा घातल्याशिवाय निघावयाचे नाही, असा गृहस्थांनी आग्रह धरला आणि संध्याकाळची ओहोटी लागेपर्यंत अंधार पडणार म्हणून मुक्काम करावा लागला. रजा संपत आलेली, मुले नाराज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या ओहोटीत सर्वांनी मिळून प्रदक्षिणा केली आणि परतीच्या वाटेवर ते आमच्या भक्तनिवासात उतरले. कार्यालयात नोंद करताना ते गृहस्थ म्हणाले, "रात्रभर खोलीतून लाटा ऐकत होतो. सकाळी चाललो. आज पंधरा दिवसांनी भूक लागली आहे, साहेब. प्रसादाला किती वाजता बसतात?" त्यांनी अधिक काही सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या दिवशी ते पोटभर जेवले, एवढे मी पाहिले.

समुद्रकाठी मन का निवते, याची उत्तरे पुष्कळ देता येतील. मला त्यातले एक पटते. घरी व कचेरीत सर्व काही आपल्या घाईने चालावे, असा आपला हट्ट असतो, आणि मन बहुतेक त्या हट्टानेच शिणलेले असते. समुद्रापुढे तो चालत नाही. ओहोटी लवकर लागावी म्हणून कोणास देणगी देता येत नाही, की ओळख सांगता येत नाही. बसून राहावे लागते. पहिला अर्धा तास चुळबूळ होते, नंतर माणूस आपोआप लाटेकडे पाहू लागतो.

प्रदक्षिणेस शक्यतो सकाळची वेळ साधावी. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दिवस वर आला की समुद्रावरून खारा वारा सुटतो. या दोहोंच्या मधल्या काळात हवा काही वेळ अगदी स्तब्ध असते. अशा वेळी मोठ्याने बोलू नये, ध्वनिक्षेपक किंवा भ्रमणध्वनीवरील गाणी तर नकोतच. मुखाने नामस्मरण असावे, नाहीतर लाटेचा आवाज पुरेसा आहे.

चालताना कड्याकडेही पाहावे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून सह्याद्रीचा जो काळा पाषाण झाला, तोच येथे समुद्रात उतरला आहे. त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी शेकडो छिद्रे दिसतील. ती कोणी कोरलेली नाहीत. लाटांचे तुषार दगडाच्या सूक्ष्म फटींत शिरतात, पाणी उडून जाते, उरलेल्या मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा एकेक कण सुटा करतात. लाटेचा मार खाऊन झिजलेला दगड सर्वांच्या ध्यानात येतो. मिठाचे हे काम मात्र शांतपणे, वाऱ्याउन्हात, लाट निघून गेल्यावर चालते. मुलांस हे अवश्य दाखवावे, पण छिद्रांत नाणी खोचू देऊ नयेत.

वाटेवर गायत्रीतीर्थ, विष्णुपद इत्यादी स्थाने आहेत. तेथे नारळाच्या करवंट्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या व निर्माल्य टाकू नये. समुद्र ते स्वीकारीत नाही, पुढच्या भरतीस तीरावर आणून टाकतो. पादत्राणे न घसरणारी असावीत. अनवाणी जाण्याचा नेम असल्यास खडकावरील शिंपल्यांच्या धारेपासून जपावे. गुडघेदुखी असलेल्यांनी खिंडीच्या वरच्या पायरीवरून दर्शन घेतले तरी चालते, यात संकोच नसावा.

निघण्यापूर्वी आमच्या कार्यालयात पंचांग मागावे, ते खिडकीपाशीच टांगलेले असते. तिथी पाहावी, पाऊणपट करावी आणि मगच गाडीचालकास वेळ सांगावी.