कोंड्याचा मांडा
(टंचाईच्या काळातील स्वयंपाकाविषयी एक कौटुंबिक धडा)

शास्त्रपाठ : १ राजे १७:८-१६; २ राजे ४:३८-४१; योहान ६:१-१३.

धड्याचा उद्देश : काटकसर हा ख्रिस्ती घराचा सद्गुण आहे, परंतु तिचा भार एकट्या गृहिणीच्या पोटावर पडू नये, हे समजून घेणे.

कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी ही आपल्या लोकांत फार वाखाणली जाते. घरात कोंड्यावाचून दुसरे काही नसता जी त्यासही मांड्याची गोडी आणते, ती खरोखर स्तुतीस पात्र आहे. परंतु तो मांडा कोणाच्या पानात पडला, आणि कोंडा कोणाच्या वाट्यास उरला, हे आपण क्वचितच विचारतो. आजच्या धड्यात हाच प्रश्न आपणापुढे ठेवावयाचा आहे.

१. सारफथची विधवा

देशात पाऊस नव्हता. एलीया सारफथच्या वेशीपाशी आला तेव्हा एक विधवा काटक्या गोळा करीत होती. तिच्या घरी मडक्यात मूठभर पीठ व कुपीत थोडेसे तेल होते. ते भाजून आपण व आपला मुलगा खावे, आणि मग मरणाची वाट पाहावी, एवढाच तिचा बेत होता. अशा स्त्रीजवळ संदेष्ट्याने आधी आपणासाठी एक लहानशी भाकर मागितली, आणि तिने ती दिली.

हा भाग वाचताना आपण तिच्या दानाजवळच थांबतो. पंधरावे वचन लक्षपूर्वक वाचा. पुढे पुष्कळ दिवस त्या मडक्यातून कोण कोण जेवले, हे तेथे सांगितले आहे. त्यात ती स्वतःही मोजली आहे. देवाने संदेष्ट्यास व मुलास जगवून तीस उपाशी ठेवले नाही.

२. बहात्तरच्या चुली

आपल्या महाराष्ट्रात १९७२-७३ साली मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जोंधळ्याचे पीक गेले, आणि लाखो स्त्रीपुरुष सरकारी कामांवर खडी फोडण्यास व ताली घालण्यास गेले. १९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली होती. पुढे कायद्याने आलेल्या रोजगार हमी योजनेचे मूळ याच कामांत आहे.

त्या दिवसांत रेशनच्या दुकानांत अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळे; तीस लोक मिलो म्हणत. तिची भाकरी लाल व रुक्ष होई. पिठास चिकटपणा नसला म्हणजे भाकरी थापताच चिरते, हे प्रत्येक भगिनीस ठाऊक आहे. त्यावर जुना उपाय असा की, आधणाच्या पाण्यात पीठ भिजवावे, झाकून ठेवावे, मग मळावे. कामावर सुकडी मिळे. ती पुष्कळ आया पदरात बांधून मुलांसाठी घरी आणीत.

आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांस अशा दिवसांतील पुष्कळ युक्त्या अवगत होत्या. जोंधळा भरडून त्याच्या कण्या शिजवीत. त्या थोडक्या धान्यात अधिक माणसांस पुरत. हुलगे हलक्या जमिनीत व थोड्या पावसावर येतात; ते भाजून, दळून त्यांचे माडगे करीत. डाळ शिजवलेले पाणी टाकून न देता त्याची आमटी होई. पावसाची एक सर येताच बांधावर उगवणारा तांदुळजा, घोळ, पाथरी ही खुडून आणीत. आणि सर्व शेत करपले तरी परसातील शेवग्याचा पाला बहुधा हाताशी असे.

या युक्त्यांत केवळ गरिबी नव्हती, शहाणपणही होते. ज्वारीत जे प्रथिनांश कमी असतात ते हुलगे, मटकी, हरभरा यांत असतात. म्हणून भाकरीबरोबर कडधान्याचे कालवण घेतल्याने दोहोंचे बळ वाढते. शेवग्याच्या पाल्यात लोह व चुना हे क्षार आहेत. पालेभाजीवर लिंबू पिळले असता तिच्यातील लोह अंगी अधिक लागते. आपल्या आज्यांनी ही शास्त्रे वाचली नव्हती, तरी त्यांचे हात त्याच वाटेने चालत होते.

३. हंडीतील मरण

तथापि टंचाईत हाती येईल ते शिजवावे असे नव्हे. गिलगाल येथे दुष्काळ असता संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाने रानवेलीची फळे आणून हंडीत चिरली. ती कसली, हे कोणासही ठाऊक नव्हते. ती कडू इंद्रावणाची असावीत असे पुष्कळ टीकाकारांचे मत आहे. एक घास घेताच हंडीत मरण असल्याची ओरड झाली. त्या मनुष्याची मेहनत खरी होती, हेतूही चांगला होता. उणीव होती ती ज्ञानाची.

आपल्या देशातही असे घडले आहे. लाखेचे पीक कोरड्यात तग धरते. म्हणून दुष्काळात मध्य हिंदुस्थानातील गरिबांनी लाखेच्या डाळीवरच महिनोन्महिने गुजराण केली, आणि त्यांपैकी अनेकांचे पाय कायमचे लुळे पडले. तेव्हा अनोळखी कंद, फळ अथवा पाला हंडीत घालण्यापूर्वी जाणत्या माणसास विचारावे. बुरशी आलेले धान्य व शेंगदाणे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. औषधपाण्यास गेलेला पैसा त्या काटकसरीच्या कितीतरी पट होतो.

४. काटकसर आणि उपासमार

आता धड्याच्या मुख्य भागाकडे येऊ. १८७७ च्या जानेवारीत, मोठा दुष्काळ चालू असता, सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक रत्तल, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्य व वर एक आणा एवढीच ठरविली. दिवसभर माती उपसणाऱ्याने त्यावर जगावे! मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी यास विरोध केला, आणि मुंबई इलाख्यात पुष्कळ मजुरांनी कामच सोडले. ज्याचे स्वतःचे पोट भरलेले आहे त्याने दुसऱ्याच्या ताटातील घास मोजावे, यास काटकसर म्हणत नाहीत.

परंतु सरकारास दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. आपल्या घरातही हाच प्रकार चालतो. आमच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी बहात्तर साली लहान मुलगी होती. घरी माणसे सहा आणि भाकरी पाच. तिची आई सर्वांस वाढून म्हणे, “मला आज भूक नाही.” ती भगिनी मला म्हणाली, “पाळकसाहेब, आईला खरंच भूक लागत नाही असं आम्हांला वाटायचं. मी स्वतः आई झाले तेव्हा मला कळलं.” हे सांगताना तिचे डोळे भरून आले, आणि मलाही पुढे काही विचारवेना.

त्या मातेची प्रीती धन्य आहे. पण त्या घरातील कर्त्या पुरुषाने एकदाही हंडीत डोकावून पाहू नये काय? दुष्काळ गेला तरी ती चाल गेली नाही. आजही आपल्या देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आहे. सर्वांच्या मागून, उरलेसुरले खाण्याची रीत हे त्याचे एक कारण आहे. या रीतीस आपण आजवर त्याग असे सुंदर नाव देत आलो.

प्रभूचा नमुना पाहा. डोंगरावर त्याने पाच भाकरी व दोन मासळ्या वाटल्या, तेव्हा सर्व तृप्त होईपर्यंत कोणासही थांबविले नाही. आणि त्यानंतर उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले. तुकडा फुकट जाऊ नये याची त्यास काळजी होती, पण त्याआधी कोणी उपाशी राहू नये ही काळजी होती. ख्रिस्ती घरातील काटकसरीचा क्रम हाच असावा.

तर या आठवड्यात प्रत्येक घरात एवढे करावे : भाकरी टोपलीत असतानाच माणसे मोजावी, आणि वाढणारीचा वाटा प्रथम बाजूस काढून ठेवावा. भाकरी पाच आणि माणसे सहा असल्यास प्रत्येकीतून तुकडा मोडून सहावा वाटा पुरा करावा. एकाने उपाशी राहण्यापेक्षा सहा जणांनी थोडे कमी खाल्लेले बरे.

विचारासाठी प्रश्न
१. सारफथच्या विधवेच्या घरी कोण कोण जेवले? त्यात तिचे नाव का महत्त्वाचे आहे?
२. गिलगाल येथील शिष्याची चूक कोणती? आपल्या गावी अशी चूक कशी होऊ शकते?
३. आपल्या घरी शेवटी कोण जेवते? हा प्रश्न आज घरी जाऊन विचारावा, आणि उत्तर पुढील सभेत सांगावे.

प्रार्थनेचा विषय : ज्या घरांत आज चूल पेटली नाही त्यांच्यासाठी, आणि त्यांचे दार ठोठावण्याची बुद्धी आपणांस व्हावी म्हणून.