पाण्यातील रोपांसाठी दिवा घेताना

कापडाच्या व्यापाऱ्याला प्रकाशाची ओळख करून देण्याची गरज नसते. गिऱ्हाईक दुपट्टा उचलून दारात नेते आणि उन्हात रंग पाहते, कारण दुकानातल्या ट्यूबवर त्याचा भरवसा नसतो. एवढे ठाऊक असूनही गल्ल्याशेजारी जिवंत रोपांची माशांची काचपेटी ठेवली तेव्हा दिव्याच्या बाबतीत आम्ही फसलो. ज्या बंधूंना दुकानात किंवा घरी अशी पेटी ठेवायची आहे त्यांनी आमचा तजुर्बा ध्यानात घ्यावा.

आमची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच. वाळू-दगड वजा जाता पाणी सुमारे ४५ लिटर. विक्रेता म्हणाला, "जितके वॅट जास्त, तितकी रोपे जोमात." आम्ही २० वॅटची एलईडी पट्टी घेतली आणि शोभा म्हणून सकाळी १० पासून रात्री ९ पर्यंत चालू ठेवली. तीन आठवड्यांत पानांवर शेवाळाचे हिरवे केस आले, काच आंधळी झाली. निम्मी रोपे फेकावी लागली.

चूक हिशोबाची होती. वॅट म्हणजे विजेचा खप, उजेड नव्हे. उजेडाचा आकडा लुमेन, तो खोक्यावर छापलेला असतो. गॅलनमागे इतके वॅट हा जुना ठोकताळा ट्यूबलाइटच्या काळातला. एलईडीला तो लागू पडत नाही. आमच्या पट्टीचे लुमेन होते सुमारे २०००, म्हणजे लिटरमागे चव्वेचाळीस. एवढा उजेड ज्या पेटीत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर व खत दिले जाते तिथे चालतो. आमच्याकडे दोन्ही नव्हते. वायू आणि खत पुरेल तेवढाच उजेड रोप वापरते, उरलेल्यावर शेवाळ पोसते. साध्या पेटीला लिटरमागे १५ ते २० लुमेन पुरे. आमच्या मापाला ८ ते १० वॅटचा दिवा झाला. पेटी दीड-दोन फूट खोल असेल तर तळाशी उजेड कमी पोहोचतो. तिथे थोडा वाढवावा.

रंगासाठी खोक्यावर ६५०० केल्विन पाहावे. हा दिवसाच्या उजेडाजवळचा पांढरा. पिवळ्या दिव्यातही रोपे वाढतात, पण हिरवा मळका दिसतो. गडद निळे दिवे समुद्री पेट्यांचे. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे रंग कितपत खरे दिसतात त्याचे माप. १०० पैकी ९० च्या आसपास असावा. (हाच आकडा पाहून आम्ही नंतर काउंटरवरचे दिवेही बदलले. मॅचिंगच्या तक्रारी कमी झाल्या.)

वेळ सहा ते आठ तास. आम्ही टायमर बसवून दुपारी २ ते रात्री ९ ठेवली; गिऱ्हाईकही त्याच वेळी जास्त. दहा वॅटने महिन्याला दोन युनिटांच्या आसपास वीज लागते. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

दिवा वाफेने खराब न होणारा घ्यावा, किंवा पेटीवर काच झाकावी. वायर प्लगच्या खाली लोंबती सोडावी, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगपर्यंत न जाता खाली गळते. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे. दुकानातल्या पोरांनाही हे बजावून ठेवावे.

अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिन ही रोपे कमी उजेडात टिकतात. आम्ही दुसऱ्यांदा तीच लावली.