पाड्यावर वर्ग नेण्याआधी: काय करावे, काय टाळावे

पर्यटनाच्या अभ्यासक्रमात 'शाश्वत' हा शब्द आला की पाठोपाठ 'आदिवासी संस्कृती' हा घटक येतोच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानप्रणालीत आदिवासी ज्ञानाचाही उल्लेख केल्यापासून महाविद्यालयांची घाई आणखी वाढली आहे. प्रत्यक्षात या घटकात असते काय? चार गुणांची टीप, वारली चित्राची एक स्लाइड आणि जव्हारला एका दिवसाची सहल. मीही अशा सहली काढल्या आहेत. खालच्या यादीत जे टाळायला सांगितले आहे, त्यातले निम्मे मी स्वतः करून चुकलो आहे.

वर्गात

डोंगराची ओळख उंचीपासून सुरू करू नये. कळसूबाई म्हटले की विद्यार्थी 1646 मीटर आणि 'महाराष्ट्राचे एव्हरेस्ट' एवढे घडाघडा सांगतात. पायथ्याच्या गावांत सांगतात ती गोष्ट कळसू नावाच्या कोळ्याच्या पोरीची आहे. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या बोलीवर ती एका घरी कामाला राहिली. एक दिवस नेमके तेच काम तिला सांगितले गेले. तिने ते केले आणि मग डोंगरावर निघून गेली, ती परत उतरली नाही. नवरात्रात लोक वर जातात ते तिला भेटायला, शिखर 'सर' करायला नव्हे. ही गोष्ट पहिल्या तासाला सांगा आणि मग 'या डोंगरावर कचरा का टाकू नये' हा प्रश्न विचारा. उत्तरे बदलतात.

ताडोब्याचेही तसेच. वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू या गोंड वीराचे ते नाव. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे यात्रा भरण्याची परंपरा आहे. सफारीच्या जिप्सीत बसलेल्या किती जणांना हे ठाऊक असते? इकडे अकोले तालुक्यात महादेव कोळ्यांची वाघबारस असते, दिवाळीच्या तोंडावर वाघाला देव मानून पुजण्याची. 'वाघ दिसला का' एवढेच विचारणाऱ्या धंद्यात उतरणाऱ्या मुलांना वाघाशी असलेले हे दुसरे नाते माहीत असायलाच हवे.

'निरागस', 'अस्पर्शित', 'जगापासून दूर' हे शब्द गाळावेत. ज्या अकोले तालुक्याने 2020 साली पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे यांच्यासारखी बियाण्यांची जाणकार दिली, तो तालुका जगापासून दूर कसा? दूर आहोत ते आपण. तसेच 'आदिवासी' हा एकच गठ्ठा करू नये. राज्याच्या यादीत 40 हून अधिक जमाती आहेत. कोरकूंची भाषा आणि माडियांची भाषा एका कुळातलीसुद्धा नाही.

वारली चित्राआधी वारली लग्न शिकवावे. लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात. त्यात पालघट देवी बसते. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लावते. लग्न लावणारी बाई आहे, भटजी नाही, हे ऐकून वर्गात कुजबुज होते, ती होऊ द्यावी. 1970 च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र लग्नाबाहेर, कागदावर आणि कापडावर आणले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ही कला जुनीही आहे आणि एका माणसाच्या धाडसाने नवीही झाली आहे. मग चहाच्या मगावर काय छापावे? तारप्याचा फेर चालेल, चौक चालेल का? पाड्यावर याबद्दल दोन मते निघतात. दोन्ही वर्गात आणावीत. एकच मत आणून 'आदिवासींचे म्हणणे' असा शिक्का मारू नये.

नकाराचा धडा अभ्यासक्रमात ठेवावा. माझ्या मते या घटकाचा गाभा हाच आहे आणि नेमका तोच गाळला जातो. आपण मुलांना पाहुणचार शिकवतो, पण यजमान 'नको' म्हणू शकतो हे शिकवत नाही.

ऑस्ट्रेलियातला उलुरू घ्या. 1985 मध्ये ती जमीन अनंगू लोकांना परत मिळाली. 'हा खडक चढू नका' असे ते वर्षानुवर्षे विनवत होते, तरी लोक चढतच राहिले. अखेर 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई बंद झाली. पर्यटन मात्र चालू आहे. लोक खडकाभोवती फिरतात आणि त्याच्या गोष्टी ऐकतात.

आपल्या देशातले उदाहरण अधिक बोचणारे आहे. 2012 च्या सुरुवातीला अंदमानातल्या जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचे चित्रण जगभर पाहिले गेले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाला तिथल्या पर्यटक वाहतुकीवर काही काळ बंदी घालावी लागली. त्या गाड्यांत बसलेले लोक राक्षस नव्हते. तिकीट काढून, खाऊ घेऊन निघालेले आपल्यासारखेच होते. त्यात मराठी घरांतलेही असतील.

तिसरा धडा गडचिरोलीचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखा या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. गावात अभ्यास गट आहे, म्हणजे तिथले लोक आपल्याआधी अभ्यास करून बसलेले असतात. पर्यटन व्यवस्थापनाच्या मुलांना 'भागधारकांचा सहभाग' हे प्रकरण पुस्तकातून पाठ करायला लावण्यापेक्षा सर्वसहमतीची एक सभा वर्गातच भरवून दाखवावी. विषय साधा ठेवावा: आपल्या गावात रिसॉर्ट हवे का? दोन तासांत निर्णय होत नाही. तोच त्या दिवसाचा धडा.

कायदा परिशिष्टात ढकलू नये. 1996 चा पेसा (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार कायदा) आणि 2006 चा वनहक्क कायदा, निदान एवढे दोन तरी परीक्षेला असावेत. ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलालाही सांगावे लागते.

'आदिवासी नृत्यांची नावे लिहा' असे प्रश्न टाळावेत.

पाड्यावर

तारीख त्यांच्या कामावरून ठरवावी. आपली सहल सत्र संपले की निघते. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायची असतात, उन्हाळ्यात बाळहिरडा वाळवायचा असतो, पाऊस लागला की भाताची आवणी. आवणीच्या दिवसांत चाळीस मुले नेऊन 'आमच्याशी बोला ना' म्हणणे म्हणजे मार्चअखेरीस बँकेत जाऊन कॅशियरशी गप्पा मारण्यासारखे आहे. आधी एकट्याने जावे, गावात कोणाला विचारायचे ते विचारावे, चहा प्यावा, परत यावे. होकार आला तर बस ठरवावी.

काजव्यांना 'शो' म्हणू नये. भंडारदऱ्याच्या परिसरात मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे लखलखतात. तो उजेड आपल्यासाठी नसतो. नर चमकून मादीला बोलावतो, मादी उजेडानेच उत्तर देते. मध्ये गाडीचा हेडलाइट किंवा मोबाइलचा टॉर्च आला की हा संवाद तुटतो. मुलांना हे कीटकशास्त्र सांगावेच, पण तेवढ्यावर थांबू नये. ज्या हिरड्याखाली गाडी लावली, त्याच झाडावर त्या घराचे वर्षाचे चार पैसे अवलंबून असतात. काजवे पेटले की पाऊस जवळ आला, राबाच्या कामाला लागायचे, हे गणित तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकावे. गट पंधरा-वीस जणांचा असावा, चालत न्यावा, दिवे बंद. ज्याला हे जमणार नाही त्याने घरी बसून व्हिडिओ पाहावा. माझे हे मत पर्यटनाच्या धंद्यातल्या मित्रांना आवडत नाही.

विचारल्याशिवाय रानातले तोंडात टाकू नये. पहिल्या पावसाआधी-नंतर शेवळे उगवतात. आमच्या एका सहलीत दोन हुशार विद्यार्थ्यांनी बाजारातून जुडी आणली आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहून भाजी केली. घसा असा खाजला की रात्रभर कोणी झोपले नाही. सकाळी शेजारच्या आजींनी विचारले, 'काकडं घातली होती का?' काकडाच्या आंबट फळांशिवाय शेवळे शिजवत नाहीत, हे त्या व्हिडिओत कोणी सांगितले नव्हते. 'पारंपरिक ज्ञान' या विषयावर मी आजवर घेतलेल्या कोणत्याही तासाला त्या खाजेची सर आलेली नाही.

भगताच्या औषधांची यादी अहवालात छापू नये. झाडाचे नाव, कोणता भाग, कोणत्या आजारावर: विद्यार्थी हे उत्साहाने टिपतात आणि शिक्षक त्यावर 'उत्तम' लिहितो. जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञान यांवरच्या बौद्धिक संपदेचा हक्क वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये समूहाला दिलेला आहे. तो हक्क आपल्या अंतर्गत गुणांसाठी उधळायचा नाही. सांगणाऱ्याने 'हे लिहू नको' म्हटले तर वहीतले पान फाडून त्याच्याच हाती द्यावे.

मागणीबरहुकूम नाच टाळावा. तारपा हा सुगीचा सोबती आहे, भाताच्या वासाबरोबर येतो. एप्रिलच्या दुपारी, जेवणानंतर, 'मुलांना दाखवा जरा' म्हणून वाजवून घेतलेला तारपा हे वाद्याचे प्रात्यक्षिक झाले, आणि तसेच सांगून करावे. कलावंत मंच स्वीकारतो, बिदागी ठरवतो, तर तो त्याचा व्यवसाय. त्यात कमीपणा काही नाही. खोटे असते ते 'अस्सल आदिवासी रात्र' हे जाहिरातीतले नाव.

गोटुलावर, म्हणजे तरुणांच्या सामुदायिक घरावर, विनोद करू नयेत. भामरागडकडे जाणाऱ्या गटात कोणीतरी मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एलविन अर्धवट वाचलेला असतोच. एलविनचे गोटुलावरचे 1947 चे पुस्तक बस्तरच्या मुरियांवरचे आहे, भामरागडच्या माडियांवरचे नाही, हे बसमध्येच सांगून टाकावे.

फोटो विचारून. पोरांचे तर नकोतच.

परतल्यावर

मानधन शिकवणाऱ्याचे द्यावे, मदतनिसाचे नव्हे. शहरातून आलेल्या पाहुण्या वक्त्याला महाविद्यालय जे देते, तेवढेच आजींनाही द्यावे. अडचण येते ती कागदांची. एका संस्थेच्या मानधनाच्या अर्जात 'शैक्षणिक अर्हता' हा रकाना रिकामा ठेवला म्हणून आमचा कागद तीनदा परत आला. चौथ्यांदा मी तिथे 'साठ पावसाळे शेती' असे लिहिले. पैसे मिळाले; कोणी वाचले असेल असे वाटत नाही. जुने कपडे आणि वह्या-पेन वाटून मात्र मानधनाची भरपाई करू नये. भीक आणि फी यांतला फरक मुलांना तिथेच कळतो.

पाठ्यक्रम ठरवताना खुर्ची द्यावी. अभ्यास मंडळावर हॉटेलवाले असतात, टूर कंपन्यांचे लोक असतात. ज्यांच्या दारात हे सगळे पर्यटन जाऊन थांबते, त्यांच्यातले निदान दोघे असावेत. एकटा माणूस बोलत नाही, म्हणून दोघे. बैठक मराठीतून घ्यावी.

अहवाल मराठीत लिहावा आणि परत न्यावा. इंग्रजीतला अहवाल कपाटात जातो. पाड्यावर तो मोठ्याने वाचून दाखवावा, चुका दाखवतील तिथे खोडावे, 'हे काढा' म्हटले तर काढावे. आमचा पहिला अहवाल असा वाचला तेव्हा अकरा दुरुस्त्या निघाल्या. त्यातली पहिली गावाच्या नावाचीच होती.

पुढच्या वर्षीची तारीख त्याच बैठकीत मागावी. दिली नाही, तर दुसऱ्या पाड्याकडे बस वळवू नये. त्या वर्षी सहल नाही, एवढेच विद्यार्थ्यांना कळवावे.